कपाळाची कातडी वळवून नाक करतात ते का आणि कसं (बाबांच्या ऑपरेशनबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ६१ वर्षांचे, शेती करतात, नाकाच्या शेंड्याला उजवीकडे दोन वर्षं एक जखम होती, खपली धरायची, पडायची, परत धरायची. बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर निघाला. तो काढल्यावर उजवी नाकपुडी आणि शेंड्याचा थोडा भाग जाणार आणि डॉक्टर म्हणतायत की कपाळाची कातडी वळवून नाक करू, तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा पट्टा तसाच राहील, मग तो कापू. काका म्हणतायत मांडीची कातडी लावा आणि एकदाच काय ते संपवा. कुणाचं ऐकायचं?

डॉक्टरांचं ऐका. मी गेली बावीस वर्षं प्लास्टिक सर्जरी करतोय, त्यातली बरीच वर्षं तोंडाच्या आणि नाकाच्या कॅन्सरनंतरची कामं, आणि तुम्ही वर्णन केलंय तेवढ्या खड्ड्याला कपाळाच्या वळवलेल्या कातडीइतकं (आम्ही तिला फ्लॅप म्हणतो) चांगलं दुसरं काही नाही हे मी अगदी मनापासून सांगतोय. पण नुसतं "ऐका" म्हणून काकांचं समाधान होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ग्राफ्ट आणि फ्लॅप यातला फरक समजून घ्या, सगळी गोम तिथेच आहे. मांडीची कातडी काढून लावली तर तो ग्राफ्ट. ती कातडी शरीरापासून पूर्ण तुटलेली असते, तिला स्वतःचं रक्त नसतं, जिथे लावली तिथल्या जमिनीतून रक्त मिळालं तर जगते, नाहीतर काळी पडून गळून जाते. म्हणजे शेतातलं रोप उपटून दुसरीकडे लावण्यासारखंच, माती ओली असेल तर धरेल. आता बाबांच्या नाकात गाठ काढल्यावर खाली माती उरणारच नाही, आरपार भोक असेल किंवा नुसती उघडी कूर्चा (कानात असतं तसं लवचिक हाड) असेल, त्यावर ग्राफ्ट धरत नाही. आणि समजा धरलाच तरी तो पातळ असतो, आक्रसतो, नाकपुडीची कड वर ओढून घेतो, आणि मांडीच्या कातडीचा रंग चेहऱ्याला कधीच जुळत नाही, ठिगळ लावल्यासारखा कायम वेगळा दिसतो. ग्राफ्ट वाईट असं मी म्हणत नाही, नाकाच्या वरच्या भागात उथळ छोटी जखम असेल तर कानामागची किंवा कानापुढची पूर्ण जाडीची कातडी मी स्वतः लावतो आणि छान बसते. इथे मात्र ते काम नाही.

फ्लॅप म्हणजे कातडी, खालची चरबी आणि रक्तवाहिनी सगळं एका बाजूने शरीराला जोडलेलं ठेवून वळवायचं. तो जोडलेला भाग म्हणजे देठ. वेलीवरचं फळ वेलीला धरूनच दुसऱ्या बाजूला वळवलं तर सुकत नाही तसं. कपाळाच्या मधल्या भागाला रक्त देणारी एक धमनी आहे, ती भुवईच्या आतल्या टोकाशी, मधल्या रेषेपासून साधारण २ सेंटीमीटरवर वर येते आणि कपाळावर सरळ चढत जाते. देठ त्या धमनीवर बेतलेला असतो, रुंदी १.२ ते १.५ सेंटीमीटर, बस. त्याहून रुंद ठेवला तर उलट वळवताना पिळ बसतो आणि रक्त अडतं. बाबांची जागा उजवीकडे आहे म्हणून बहुतेक उजव्या भुवईवरूनच घेतील.

तो पट्टा तीन आठवडे का ठेवायचा हा तुमचा मुख्य प्रश्न. पहिल्या दिवशी नव्या नाकाला रक्त फक्त त्या देठातून येतं. हळूहळू खालच्या आणि बाजूच्या नाकाच्या कातडीतून बारीक नव्या रक्तवाहिन्या फ्लॅपमध्ये शिरतात, साधारण तीन आठवड्यात इतक्या शिरतात की देठ कापला तरी नाक स्वतःच्या जिवावर जगतं. घाई केली तर नाक मरतं. म्हणून लग्न आहे, सुगी आहे, दहा दिवसात कापता येईल का असं विचारणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं फॅड नाही हे काकांना जरूर सांगा, कारण ही पद्धत जगाला जिथून माहीत झाली ती जागा पुणे आहे. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रज फौजेत बैलगाडी हाकायला होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच बिननाकाचा राहिला, मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. तो माणूस वैद्य नव्हता, विटा बनवणाऱ्या जातीतला होता. ज्या लेखातून हे सगळं कळतं त्यात त्याचं नाव दिलेलं नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन होताना पाहिलं होतं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजीच्या चित्रासकट ही हकीकत छापून आली.

त्यातलं वर्णन मी शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवतो कारण आजही आम्ही जवळपास तेच करतो. मेणाची पातळ चकती कापलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा, ती चकती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, मग ती अर्धी वळवून खाली आणायची आणि जुन्या नाकाच्या कडा ताज्या करून त्या चिरेत बसवायची. टाके नव्हते. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच सहा थर चिकटवायचे, हो, पानात घालतो तोच कात. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेल्या पट्ट्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापडाच्या गुंडाळ्या. आणि जोडणारी पट्टी कापायची पंचविसाव्या दिवशी! आज आम्ही एकवीस दिवस म्हणतो. भूल नाही, अँटिबायोटिक नाही, रक्तवाहिनी शोधायचं मशीन नाही, आणि तरी त्या माणसाला नक्की माहीत होतं की ती पट्टी किती दिवस ठेवायची. पिढ्यान्पिढ्या करून करून आलेलं ज्ञान होतं ते.

सुश्रुत संहितेतही नाक जोडायचं वर्णन आहे पण तिथे कातडी गालाची घेतलीय, आणि मापासाठी झाडाचं पान वापरलंय, आत श्वासासाठी दोन नळ्या. युरोपात १५९७ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या तालियाकोत्सी या सर्जनने दंडाची कातडी वापरायची पद्धत छापली, त्यात हात डोक्याला बांधून आठवडेच्या आठवडे काढावे लागायचे, विचार करा, त्यापुढे कपाळावरचा पट्टा काहीच नाही. पुण्याची हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने आधी मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ ला पहिलं असं ऑपरेशन केलं, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, आणि तिथून ही पद्धत 'इंडियन मेथड' म्हणून सगळीकडे गेली. जगातला कुठलाही प्लास्टिक सर्जन ट्रेनिंगमध्ये हे नाव शिकतोच.

बरं, आता बाबांच्या नाकाकडे वळू. लोकांना वाटतं नाक म्हणजे बाहेरची कातडी. नाकाला तीन थर असतात आणि तिन्ही परत करावे लागतात. आतलं ओलं अस्तर, मधे आधार देणारी कूर्चा किंवा हाड, आणि वर कातडी. कोट शिवताना शिंपी अस्तर लावतो, मधे कडक कॅनव्हास घालतो, मग वरचं कापड, तसंच. कॅनव्हास नसेल तर कोटाची कॉलर पडते. नाकाचंही तेच, अस्तर विसरलं तर आतला कच्चा भाग आक्रसत जातो आणि सहा महिन्यांनी छान दिसणारं नाक वाकडं होतं, आधार घातला नाही तर श्वास आत घेताना नाकपुडी मिटते. गंमत अशी की नाकपुडीच्या कडेला नैसर्गिकरीत्या कूर्चा नसतेच, तरी आम्ही नवीन नाकपुडी करताना तिथे कूर्चेची पट्टी घालतोच, कारण नवीन कातडी भरताना वर ओढली जाते आणि ते ओढणं थोपवायला काहीतरी कडक लागतं. ही पट्टी बहुतेक कानाच्या वाटीतून घेतात, कानाचा आकार बदलत नाही, मागे छोटा टाका दिसतो तेवढाच. नाकाच्या आतल्या पडद्यातूनही घेतात. अख्खा दांडा उभा करायचा असेल तर बरगडीची घेतात, बाबांना त्याची गरज पडेल असं वाटत नाही. अस्तरासाठी पडद्यावरची ओली कातडी वळवता येते, किंवा कपाळाच्याच फ्लॅपचं टोक आत दुमडता येतं. तुमच्या डॉक्टरांना हे नक्की विचारा, "अस्तर कशाचं करणार?" ज्यांनी विचार केलाय ते लगेच सांगतील.

शेजारची कातडी सरकवून भागणार नाही का असंही कुणीतरी तुम्हाला सुचवलंय. खड्डा दीड सेंटीमीटरपर्यंतचा आणि नुसत्या कातडीचा असेल तर भागतं, नाकाच्याच वरच्या सैल कातडीचा दोन पाकळ्यांचा फ्लॅप फिरवून शेंडा भरता येतो, एका बैठकीत काम होतं. नाकपुडीसाठी गालावरची, नाकाच्या बाजूने ओठाकडे जी घडी जाते तिथली कातडीही चांगली, पण पुरुषांमध्ये तिथे दाढीचे केस जवळ असतात ते बघावं लागतं. बाबांचा भाग शेंडा आणि नाकपुडी दोन्ही घेतोय, दोन सेंटीमीटरच्या वर जाईल, शिवाय आरपार. शेजारची कातडी तेवढी ओढली तर उरलेलं चांगलं नाकही वाकडं होईल.

आणखी एक गोष्ट ऐकून घरचे घाबरतात ती आधीच सांगतो. डॉक्टर कदाचित म्हणतील की थोडी चांगली कातडीही काढू. डोळा नाकाकडे तुकड्या तुकड्यांनी बघतो, दांडा, दोन उतार, शेंडा, दोन नाकपुड्या, मधला खांब, शेंड्याच्या खालचे दोन छोटे त्रिकोण, असे नऊ भाग बर्गेट आणि मेनिक या दोन अमेरिकन सर्जननी १९८५ मध्ये मांडले. एखाद्या भागाचा अर्ध्याहून जास्त हिस्सा गेला असेल तर उरलेला हिस्साही काढून अख्खा भाग नवीन करायचा, म्हणजे वण त्या भागांच्या सीमेवर, सावलीत लपतो. घराची अर्धी भिंत रंगवली तर जोड दिसतो, अख्खी रंगवली तर दिसत नाही. मात्र कॅन्सरच्या केसमध्ये हे करायचं की नाही ते डॉक्टरांवर सोडा.

कॅन्सरबद्दल. हा बेसल सेल प्रकार दूर पसरत नाही म्हटलं तरी चालेल, फारच क्वचित पसरतो, पण जागच्या जागी कुरतडत खोल जातो, जुने डॉक्टर याला रोडंट अल्सर, म्हणजे उंदरासारखी कुरतडणारी जखम, म्हणायचे ते त्यामुळेच. म्हणून गाठीच्या भोवती चार मिलिमीटरच्या आसपास चांगली कातडी घेऊन काढतात, शेंड्यावरच्या किंवा आधी अर्धवट काढलेल्या गाठीला जास्तही लागते. सर्व कडा स्वच्छ आल्याशिवाय फ्लॅप लावू नये असं माझं ठाम मत आहे. एकतर ऑपरेशनच्या टेबलवरच फ्रोझन सेक्शन करायचं, म्हणजे काढलेला तुकडा गोठवून लगेच तपासायचा, किंवा गाठ काढून ड्रेसिंग करून ठेवायचं आणि रिपोर्ट आल्यावर फ्लॅप करायचा. आठ दहा दिवस उघडं नाक बघणं घरच्यांना जड जातं, मला कळतं, पण आत कॅन्सर ठेवून वर सुंदर फ्लॅप शिवला तर तो खाली लपून वाढतो आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि मग कपाळही एकदा वापरून झालेलं असतं.

आता तंबाखू. प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहिलंय की बाबा बिडी ओढतात. ओझरतं लिहायची गोष्ट नाहीये ती. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि फ्लॅपचं टोक देठापासून सगळ्यात लांब असतं, तिथे रक्त आधीच जेमतेम पोचतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटने मला सांगितलं होतं बिडी सोडली, मी खोलात गेलो नाही, फ्लॅप एकाच बैठकीत चांगला पातळ करून लावला आणि चौथ्या दिवशी टोकाचा नखाएवढा भाग काळा पडला. वॉर्डच्या मागे जाऊन तो दिवसातून पाच सहा ओढत होता. नाक वाचलं पण नाकपुडीची कड गेली आणि परत दोन ऑपरेशनं लागली. चूक त्याची एकट्याची नव्हती, ओढणारा माणूस आहे हे धरून मी चालायला हवं होतं, टोक जाड ठेवून तीन बैठकींत काम करायला हवं होतं. तेव्हापासून मी ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे बिडी, सिगारेट, मिश्री, तंबाखू सगळं बंद ठेवायला लावतो, आणि घरच्यांसमोर विचारतो. गाठ हळू वाढणारी असेल तर चार आठवडे थांबायला हरकत नसते, तरी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि बाबांनी सोडली नाही तर ते खरं सांगा, रागावणार नाही कुणी, बेत बदलता येतो.

तीन बैठका म्हणजे काय तर पहिल्यांदा फ्लॅप जाडच लावायचा, तीन आठवड्यांनी देठ न कापता फ्लॅप उचलून आतली चरबी आणि स्नायू पातळ करायचा, कूर्चेला हवा तो आकार द्यायचा, परत शिवायचा, आणि सहाव्या आठवड्याला देठ कापायचा. बाबांचं आरपार आहे आणि बिडी आहे, मी असतो तर याच बाजूला झुकलो असतो. सहा आठवडे ऐकून धसका घेऊ नका.

घरी आल्यावर काय दिसेल ते सांगतो, कारण घाबरायला होतं ते तिथेच. पहिले एक दोन दिवस देठाच्या मागच्या कच्च्या बाजूतून रक्त झिरपतं, उशी भिजते, ते अपेक्षित आहे, त्यावर व्हॅसलीनची जाळी गुंडाळलेली असते ती ओढू नका. धार लागली तर मात्र फोन करा. डोकं दोन उशांवर उंच, वाकून बूट घालणं, बादली उचलणं बंद. डोळे आणि कपाळ सुजतं, तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. नाकाचा रंग रोज दिवसाउजेडी बघा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. थोडा जांभळट चालतो, गर्द निळाकाळा होत चालला किंवा एकदम पांढरा आणि गार पडला तर रात्र असली तरी कळवा, सकाळची वाट बघू नका. चष्मा असेल तर तो नाकावर टेकता कामा नये, दांड्यावर दाब आला की देठ चेपतो. मी चष्म्याच्या मधल्या भागाला पट्टी लावून वर कपाळाच्या बाजूला चिकटवून देतो, तात्पुरतं जमतं.

कपाळाचं काय? खालचा भाग लगेच शिवला जातो. वर केसांजवळ कातडी रुंद घेतलेली असते तिथे थोडी जागा उघडी राहू शकते. ती बघून बायका रडतात. पण मुद्दाम उघडी ठेवलेली असते, मलम लावून ओलसर ठेवली की चार सहा आठवड्यांत स्वतःहून भरते आणि ग्राफ्ट लावण्यापेक्षा चांगली दिसते. वर्षभरात उभी फिकट रेघ राहते. एका पेशंटला मी विचारलं वण दिसतो का हो, तर ते म्हणाले डॉक्टर, टोपी आणि गंध यात तो सापडतच नाही. कपाळ बुटकं असेल तर फ्लॅपच्या टोकाला डोक्याचे केस येतात आणि नाकावर केस उगवतात, ते नंतर लेझरने काढता येतात, आधी माहीत असावं म्हणून सांगितलं. शिवाय कपाळाचा वरचा भाग काही महिने बधिर राहतो.

आणि शेवटचं दिसणं. देठ कापल्यावर लगेच जे नाक दिसेल ते अंतिम नाही. सुजलेलं, बटाट्यासारखं, थोडं लाल असतं. सहा महिने ते वर्ष लागतं बसायला. त्यानंतर बऱ्याच जणांना एक छोटी बैठक लागते, कड नीट करायची, नाकपुडीची घडी कोरायची, ती धरूनच हिशोब करा. माझ्याकडे एक बाई होत्या, नवऱ्याने रागात नाकपुडी कापली होती. तिसऱ्या बैठकीनंतर वर्षाने त्या परत आल्या आणि विचारलं, आता नथीसाठी टोचू का. नवीन नाकपुडीला टोचायला मी नको म्हटलं, दाबाची नथ घाला म्हटलं, आणि पुढच्या वेळी त्या घालून आल्या. इतकं साधं काम आणि मला ते दोन दिवस पुरलं.

पैशांचं विचारलंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, त्याला बायोप्सीचा रिपोर्ट आणि रेशनकार्ड दाखवून गाठ काढणं आणि नाक करणं दोन्ही कशात बसतं ते ऑपरेशनच्या आधी लिहून घ्या, पुढच्या बैठकांचंही विचारा, लोक तिथेच अडकतात.

आणि जाताना बाबांचे जुने फोटो घेऊन जा, गाठ यायच्या आधीचे, एक समोरून आणि एक बाजूने. लग्नातला असला तरी चालेल. आम्ही शाबूत बाजूच्या नाकपुडीवरून टाक्याच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा साचा कापतो आणि उलटा करून वापरतो, पण शेंडा किती पुढे होता, किती खाली झुकलेला होता हे फोटोतच कळतं.